अठरा किलो रुई

यास्मीनला आधी कळलं ते लेकीच्या बोटांवरून.

दसरा जवळ आला की शिरपुरात गादीवाल्यांचा हंगाम सुरू होतो. यात्रेकरूंच्या धर्मशाळांना थंडीआधी गाद्या भरून हव्या असतात, पुढच्या लग्नांच्या ऑर्डरी येऊ लागतात, आणि यास्मीनच्या नवऱ्याचं, मुनाफचं, रुई पिंजायचं मशीन सकाळपासून घरघरत राहतं. मुनाफ पिंजायचा. यास्मीन पट्ट्यापट्ट्यांचा गादीपाट शिवून त्यात रुई भरायची आणि दाभणानं टाके घालायची. कॉलेजातून आली की उमेरा आईजवळ बसून दुसऱ्या बाजूनं टाके घ्यायची. त्या दिवशी तिनं दाभण धरलं आणि ‘स्स’ करून टाकून दिलं.

"दाखव," यास्मीन म्हणाली.

उमेरानं मूठ मिटली, मग नाइलाजानं उघडली. बोटांच्या शेंड्यांची सालं निघाली होती. आतली कातडी नव्या बटाट्यासारखी लालसर दिसत होती.

"हे काय? कॉलेजात दगड फोडायले लावतात का तुमाले?"

"फोडत नाई अम्मी," उमेरा हळूच म्हणाली. "चढतो."

आणि तिनं सगळं सांगून टाकलं. ज्योत्स्ना तिची शाळेपासूनची मैत्रीण. ज्योत्स्नाचा थोरला भाऊ पवन पुण्यात नोकरीला होता, तो आता घरून काम करतो. पुण्यात तो दगड चढायला शिकला होता. डोंगर नाही, कडा नाही, नुसते सुटे मोठाले दगड. आपल्याकडे नाल्यात, माळावर असे काळे दगड जागोजाग पडलेले आहेत, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पवन बघत होता. दर रविवारी तो या दोघींना घेऊन नवा दगड शोधायला निघत होता.

"दोरी बांधता ना कमरेले?"

"दोरी कायले? लहान असतात वो दगड. पडलं त पडलं."

पडलं त पडलं. हे शब्द यास्मीनच्या छातीत जे जाऊन बसले ते पुढं तीन महिने उठले नाहीत.

यास्मीन घाबरट म्हणूनच घरात ठाऊक होती. मुनाफला वाशिमहून यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी तिच्या डोळ्यांपुढं रस्त्यात आडवी झालेली मोटरसायकल यायची. बी.ए.ला असताना रोज मंगरुळपीरहून वाशिमला एस.टी.नं जाणारी ती एकटी मुलगी होती, तेव्हा ती अशी नव्हती असं तिच्या मैत्रिणी सांगतात. पण तिला स्वतःला माहीत होतं की ती तेव्हाही अशीच होती. भीती तिला नवव्या वर्षीच लागली होती.

तिच्या वडिलांचंही पिंजाऱ्याचंच काम. तेव्हा मशीन नव्हतं, छताला टांगलेली धनुकली होती. तिची तात लाकडी ठोकळ्यानं छेडली की रुई भुरभुर उडायची आणि कोपऱ्यात तिचा डोंगर व्हायचा. त्यात माळ्यावरून उड्या मारणं हा घरातल्या पोरांचा चोरीचा खेळ. एका दुपारी धाकटा वसीम माळ्यावर उभा राहून विचारत होता, "आपा, खाली काई नाई ना?" आणि यास्मीननं न बघताच सांगितलं होतं, "पाह्यलं मी. मार उडी." ठोकळा रुईतच होता. वसीम आज चाळिशीला आलाय, मंगरुळपिरात त्याचं मोबाईलचं दुकान आहे, आणि तो चालताना उजवा पाय ओढतो. त्यानं कधी बहिणीला एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. त्याचंच तिला जास्त ओझं व्हायचं.

आता लेक म्हणत होती, पडलं त पडलं.

मुनाफला सांगावं, तर पुढचं यास्मीनला दिसत होतं. मुनाफनं जन्मात कोणावर हात उचलला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. तो फक्त गप्प होत असे. अकरावीत उमेरानं एका शिबिराचा फॉर्म आणला, तेव्हा तो तीन दिवस गप्प होता. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. गप्प माणसापुढं घरातली भांडीसुद्धा हळू ठेवावी लागतात. चौथ्या दिवशी पोरीनं आपल्या हातानं फॉर्म फाडला आणि मुनाफ त्याच संध्याकाळी तिच्यासाठी जिलेबी घेऊन आला. आता हे कळलं, तर नुसते रविवार जाणार नव्हते. कॉलेजची बसही बंद झाली असती, आणि वर पुन्हा जिलेबी आली असती.

न सांगावं, आणि उद्या पोरीचं काही झालं, तर? तर तोंड दाखवायला जागा नाही. पोरीनं लपवून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असंही यास्मीनला एकदा वाटून गेलं. आता तीही त्यात होती.

दोन दिवस तिनं काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जासीन त एका शर्तीवर. खाली माही गादी पायजे."

उमेरानं तिला मिठीच मारली. "पवनदादा बी तेच म्हनत होता अम्मी! पुन्यात खाली गादीच टाकतात!"

मुनाफला काहीतरी सांगणं भाग होतं. यास्मीननं सांगितलं की ज्योत्स्नाच्या घरी लग्न आहे, एक सिंगल गादी हवीय, चांगली जड. नवं घर, पहिली ऑर्डर, म्हणून मुनाफ खूश झाला. त्यानं ती रुई दोनदा पिंजली. "एका गादीवरून घर जोडलं जाते," तो म्हणाला. यास्मीन मान खाली घालून गादीपाट मोजत राहिली.

सिंगल गादीत आठ किलो रुई जाते, फार तर दहा. यास्मीननं अठरा किलो घातली. गुडघ्यानं दाबून दाबून भरली. रुई सरकू नये म्हणून चार-चार बोटांवर टाका घेतला, एवढे टाके तिनं स्वतःच्या लग्नाच्या गादीलाही घातले नव्हते. न्यायला आलेल्या पवननं एक टोक उचललं आणि परत ठेवलं.

"चाची, हे गादी हाय का म्हैस?"

"म्हैस त म्हैस," यास्मीन म्हणाली. "तिले सोडून चढायचं नाई."

मग सगळे रविवार तसे जाऊ लागले. सकाळी मुनाफ दोरा, गादीपाट आणायला आणि बहिणीला भेटायला वाशिमला जायचा तो दिवस मावळताना परतायचा. तो गेला की ज्योत्स्नाची स्कूटी दाराशी. मागून पवनच्या ओळखीच्या मालवाहू रिक्षात गादी. सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती. आधी ते जऊळक्याच्या पलीकडच्या नाल्यात गेले, तिथले दगड पाण्यानं इतके गुळगुळीत झालेले की बोट ठरेना. मग एक जुनी गिट्टीची खदान सापडली, पण तिथला दगड हातात तुटून यायचा. थंडी पडली तसे ते रिठदकडं सरकले. तिथं नानाजी म्हणून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर दहा-बारा मोठे काळे दगड होते. नानाजीनं पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलं आणि विचारलं, "वर काई हाय का?"

"नाई," पवन म्हणाला.

"मंग उतरून येता?"

"हाव."

"असं," म्हणून नानाजी निघून गेला. पण गादी ठेवायला त्यानं आपल्या गोठ्यात जागा दिली.

हे सगळं उमेरा संध्याकाळी कणीक मळता मळता सांगायची. दगडांना तिनं नावं ठेवली होती. एक दगड ‘खवीस’ होता, एक ‘तहसीलदार’, कारण तो कोणाचं काम पहिल्या फेरीत करत नसे. यास्मीन ऐकायची, हसायची आणि रविवारभर घरात फिरत राहायची. दुपारी दोनला मोबाईलवर फोटो यायचा की तिच्या घशाखाली घास उतरायचा. फोटो यायला वेळ झाला की ती मशीनच्या खोलीत जाऊन रुईत हात घालून बसायची. बाहेर थंडीचं ऊन पडलेलं असायचं आणि तिला वाटायचं, आपल्याला कोणीतरी गादीपाटात भरून तोंड शिवून टाकलंय.

डिसेंबरच्या शेवटी तिनं सहज विचारलं, "गादी जिथं जाता तिथं नेता ना?"

उमेरा कणकेला पाणी लावू लागली. "नेतो. म्हंजे, जेथवर जाते तेथवर."

"म्हंजे काय?"

"लय जड हाय अम्मी. वाकत बी नाई, दगडादगडांतून तिघांले बी नेता येत नाई. मंग जिथी ठेवली तिथीच चढतो. कधी कधी जराशे बाजूले."

लेक ‘जराशे बाजूले’ म्हणाली तेव्हाच यास्मीननं ठरवलं, पुढच्या वेळी आपण सोबत जायचं. घरात बसून जे दिसतं ते तिथं दिसण्यापेक्षा वाईटच असणार.

संक्रांतीनंतरच्या रविवारी ती ज्योत्स्नाच्या मागं बसून रिठदला पोचली. पिशवीत भाकऱ्या, हळद, कापूस-पट्टी आणि सवयीनं टाकलेली कात्री. बांधावर तूर कापून पडली होती. दगड तिला वाटले त्याहून मोठे निघाले. सगळ्यात मोठा ‘रांजण’. खाली निमुळता, पोटाशी फुगलेला, तीन पुरुष उंच. त्याला खेटून दुसरा दगड आणि दोघांच्या मध्ये माणूस तिरका होऊन जाईल एवढीच फट. पलीकडं जायला तेवढीच वाट, बाकी सगळीकडून बोरीबाभळींची जाळी. गादी फटीच्या अलीकडे टाकली होती.

"चाची, तुमी इथी बसा," पवन म्हणाला. "डोळे झाकले तरी चालते."

यास्मीननं डोळे झाकले नाहीत. आपली लेक दगडाला पालीसारखी चिकटून वर सरकताना तिनं पाहिली. बोटं कपारीत, पाय दगडावर घासून धरलेला, चेहऱ्यावर एक निवांत रागीटपणा. घरात हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. क्षणभर तिला भीतीचा विसरच पडला. उमेरा पोटाचा फुगवटा ओलांडण्यासाठी डावीकडं सरकली, अजून डावीकडं, आणि फटीच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या वीतभर पायरीवर जाऊन उभी राहिली. तेवढ्यात तिच्या मागच्या पायाखालचा कपचा सुटला आणि खाली पडून फुटला.

ती पडली नाही. पण आता तिला परत यायला पाय ठेवायला जागा नव्हती. डोक्यावरचा दगड हंड्यासारखा गुळगुळीत होता. खाली पलीकडच्या बाजूला गोटे आणि वाळलेलं गवत होतं. गादी अलीकडे होती.

"दादा," वरून आवाज आला, "मी अटकली."

पवन चढून बघून आला. जो कपचा पडला त्याच्याशिवाय तिथं पोचता येत नव्हतं. नानाजी धावत आला, त्यानं वर बघितलं, आणि यावेळी एकही टोमणा मारला नाही. "शिडी गावात हाय. आनतो. पोरी, हालू नको," म्हणत तो निघाला. गाव लांब होतं. उमेराचा उजवा पाय आत्ताच थरथरायला लागला होता.

"गादी पलीकडं न्या!" यास्मीन ओरडली.

तिघांनी ओढली. गादी फटीच्या तोंडाशी गेली आणि अडकली. उभी केली, तिरकी केली, पवननं पाठ लावून रेटली. अठरा किलो रुई, चार-चार बोटांवर टाका. ती लाकडासारखी ताठ होती, वाकायला तयार नव्हती. जिच्यासाठी यास्मीननं गुडघ्यांनी दाबून भरली होती ती पोर पलीकडं, आणि गादी अलीकडं.

"अम्मी," उमेरा वरून म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "अब्बूले सांगसीन का?"

"तू आंधी खाली ये!"

"नाई, सांगसीन का? मंग मी..."

पोरगी दोन पुरुष उंचीवर लटकलीय आणि तिला पडण्यापेक्षा घराची धास्ती जास्त आहे, हे यास्मीनला लख्ख कळलं. पण विचार करायला वेळ नव्हता. तिनं पिशवीतून कात्री काढली आणि गादीवर गुडघे टेकून पहिला टाका कापला.

"चाची, हे काय?"

"कापू दे. रुई मोकळी कर. ओंजळीओंजळीनं पलीकडं ने."

टाके सटासट तुटू लागले. तिनं एका कडेनं गादीपाट फाडला. पवन फटीतून तिरका होत बोचकी पलीकडं नेऊ लागला. ज्योत्स्नानं आधी गोटे उचलून फेकले, मग रिकामा गादीपाट अंथरला. रुईची ढेकळं झाली होती. यास्मीन पलीकडं जाऊन बसली आणि बोटांनी ती विंचरू लागली, बापाच्या घरी लहानपणी करायची तशी. "अशी. फोड. दाबू नको, वर फेक." ज्योत्स्ना रडत रडत फोडत होती. पांढरा ढीग गुडघ्याला आला, मांडीला आला, कमरेला आला. गवताची कुसळं त्यात मिसळत होती, तिकडं कोण बघतं.

"अम्मी, पाय सुटून राह्यला," वरून आवाज आला. "मारू का? खाली काई नाई ना?"

यास्मीनचे हात जागीच थांबले.

"थांब," ती म्हणाली. "थोडं थांब बेटा. एक मिनिट."

ती ढिगात शिरली. दोन्ही हात खांद्यापर्यंत घालून तिनं एका टोकापासून चाचपायला सुरुवात केली. मऊ, मऊ, मऊ. पवन म्हणाला, "चाची, मी पाह्यलं सगळं, काई नाई." ती थांबली नाही. मधोमध, तळाशी, तिच्या बोटांना थंडगार काहीतरी लागलं.

कात्री. तिचीच. टोकं वर करून.

तिनं ती बाहेर काढून लांब फेकली. मग तिनं उरलेला ढीग पुन्हा पहिल्यापासून चाचपला, आणि बाहेर येऊन वर बघितलं.

"काई नाई खाली," ती म्हणाली. "पाह्यलं मी. दोनदा पाह्यलं. मार उडी."

उमेरा ढिगात अशी गेली की क्षणभर दिसेनाशीच झाली. मग रुईतून एक हात वर आला, मग खोकला, मग हसणं. टाच खरचटली होती. बाकी काही नाही. यास्मीननं तिला छातीशी धरलं आणि पाठीत दोन धपाटे घातले. कशासाठी घातले ते तिलाही सांगता आलं नसतं.

नानाजी खांद्यावर शिडी घेऊन धापा टाकत आला तेव्हा चौघं पांढऱ्या ढिगात बसून भाकरी खात होती. "आता ह्या शिडीवर कोनाले चढवू?" तो म्हणाला. "बायको म्हनीन, दुपारी शिडी घेऊन कोठी गेल्ते." मग त्यानं दोन पोती आणून दिली. पिंजाऱ्याच्या घरात रुई टाकून देत नाहीत.

मुनाफ त्या दिवशी लवकर परतला होता. पोती अंगणात उतरत असताना तो दारात उभा. मायलेकींच्या केसांत रुई होती, पण ती त्या घरात सगळ्यांच्याच केसांत असते. तो पुढं आला, पोत्यात हात घातला, रुई चिमटीत धरून ताणून पाहिली.

"ही त आपली हाय. ज्योत्स्नाच्या घरच्या गादीची. दोनदा पिंजली होती मी." मग त्याला कापलेले टाके दिसले. "कापून परत केली?"

यास्मीन दुसरं पोतं भिंतीशी ओढू लागली.

"काहून? गोळे झाले का? टाका उसवला?" त्याचा चेहरा उतरला. "पहिली ऑर्डर होती यास्मीन. सकाळी जातो मी त्यांच्या घरी. माफी मागतो. दुसरी भरून देतो."

तो खरंच जाणार होता. टोपी घालून, ज्योत्स्नाच्या वडिलांपुढं उभा राहून, न केलेल्या चुकीची माफी मागणार होता. उमेरा आईकडं बघत होती. तिचे डोळे म्हणत होते, नको. यास्मीनच्या मनात आलं, एक दिवसाचा प्रश्न आहे. ज्योत्स्नाला फोन केला की सगळं जुळवून घेता येईल. ऑक्टोबरपासून ती जुळवूनच घेत आली होती.

"त्यांची गादी नव्हती ती," ती म्हणाली. "टाके मी कापले."

"तू?"

"सगळे. बसा. सांगते."

तिनं बोटांपासून सुरुवात केली. मधलं काही गाळलं नाही, कात्रीसुद्धा नाही. उमेरा खांबाला टेकून उभी होती. सांगून झालं तेव्हा अंगणात अंधारून आलं होतं आणि मगरिबची अजान होत होती. मुनाफ गप्प होता. हे गप्प होणं यास्मीनच्या ओळखीचं होतं. तिनं मनात दिवस मोजायला घेतले.

अजान संपली. मुनाफ नमाजाला उठला नाही.

"किती उंचावरून मारली उडी?" त्यानं विचारलं.

"दोन पुरुष," उमेरा म्हणाली.

"आन् रुई किती भरली होती?"

"अठरा किलो," यास्मीन म्हणाली.

मुनाफनं पोत्यातून मूठभर रुई काढून मांडीवर घेतली आणि तिच्यातलं एक कुसळ उपटलं. मग दुसरं. "दोन पुरुषाले अठरा कमी पडते," तो म्हणाला. वर बघितलं नाही. "खडा राह्यला त मशीनमधी ठिनगी पडते. लाईट लावा आन् वेचा."

यास्मीननं लाईट लावला. तिघं पोत्याभोवती बसली. उमेराची सोललेली बोटं रुईत सगळ्यात हळू चालत होती, आणि मुनाफ मधूनमधून त्यांच्याकडं बघत होता.